परकारांचा खडू आणि माझा हात

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको: बहारीनच्या विद्यापीठात ज्या कामासाठी माझं नाव झालं होतं, ते काम मला येत नव्हतं. बरीच वर्षं येत नव्हतं. आणि येत नाही हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी माझ्या अंगावर कडक इस्त्रीची साडी होती, पायात उंच टाचांच्या सँडल्स होत्या, हातात मीच तयार केलेला बत्तीस मुद्द्यांचा फॉर्म होता आणि समोर एक लेथ मशीन गरगर फिरत होतं.

क्रमाने सांगते. क्रम हा माझा गुण नव्हे, पण नातवंडं 'आजी, यू स्किप्ड समथिंग' असं ओरडून ओरडून थोडा लावतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सांगलीहून गेलेलो. आमचे हे सित्र्याच्या बाजूला एका कारखान्यात होते, आणि मी विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवायची. पोरं मला 'दोक्तोरा' म्हणायची. अरबीत डॉक्टर बाईला तसंच म्हणतात, त्यात विशेष काही नाही, पण मला ते 'महाराणी'सारखं ऐकू यायचं. कॉरिडॉरमध्ये कुणी 'दोक्तोरा!' अशी हाक मारली की मी मुद्दाम पहिल्या हाकेला वळायची नाही. दुसरी हाक ऐकायची असायची ना!

तर एका वर्षी विद्यापीठाने ठरवलं की नव्याने लागलेल्या प्रत्येक शिक्षकाला एक जुना शिक्षक जोडून द्यायचा. त्याला म्हणायचं मेंटर. आपल्याकडे बी.एड.ला पाठ बघायला कुणीतरी मागच्या बाकावर येऊन बसतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे पाठ देणारा माणूस डॉक्टरेट झालेला, कधी मेंटरपेक्षा वयानं मोठा. मेंटरनं वर्षभरात तीनदा वर्गात जायचं, मागे बसायचं, बघायचं, फॉर्म भरायचा. नंतर दोघांनी चहा घ्यायचा आणि त्यात काय चांगलं, काय सुधारायला हवं ते बोलायचं. काम ऐकायला सोपं आहे. तासभर गप्प बसायचं.

गप्प! मला!

पण माझी निवड झाली, आणि मी असा उत्साह दाखवला की विचारू नका. विद्यापीठाचा फॉर्म नऊ मुद्द्यांचा होता. मी म्हटलं, नऊ मुद्द्यांत माणूस कसा मावेल? रविवारी ठरवलं आणि मंगळवारपर्यंत बत्तीस मुद्दे केले. 'आवाजाची पट्टी' हा एक, 'फळ्यावरचं अक्षर' हा दुसरा, 'वर्गात वावर' हा तिसरा. हे म्हणाले, "बत्तीस? म्हणजे रोज घासावे लागणार." मी तीन दिवस यांच्याशी बोलले नाही. यांना ते तीन दिवस फार आवडले असावेत.

सुरुवातीला मला जे लोक मिळाले ते एकेक नग होते. एक इजिप्तचे भौतिकशास्त्राचे गृहस्थ इतक्या चढ्या आवाजात शिकवायचे की पलीकडच्या वर्गातली मुलंही वही काढून टिपणं घ्यायची. एक संख्याशास्त्राचे प्राध्यापक उजव्या हाताने लिहायचे आणि डाव्या हाताने लगेच पुसायचे. वर्गाला गणित दिसायचं ते रेल्वेच्या खिडकीतून गाव दिसावं तसं. अशांना सांगणं सोपं होतं. 'आवाज कमी', 'डस्टर खिशात'. झालं. ते सुधारले, माझं नाव झालं. डीन डॉ. जासिम मला मीटिंगमध्ये म्हणाले, "दोक्तोरा, तुमचा डोळा फार तीक्ष्ण आहे." तोंडाबद्दल ते काही बोलले नाहीत. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आणि मग माझ्या यादीत आले इब्राहिम परकार.

परकार खेड तालुक्यातले. डिप्लोमा झालेले, पण चौदा वर्षं बहारीनमध्येच सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्कशॉप शिकवायला इन्स्ट्रक्टर हवा होता. हाताने काम केलेला माणूस हवा, असा आग्रह डॉ. जासिमांनीच धरला होता. परकारांना घेतलं. एक वर्षाचा करार, मग मेंटरचा रिपोर्ट बघून पुढचा.

पहिल्या भेटीत ते माझ्या केबिनच्या दारात आले आणि दारातच उभे राहिले. बारीक अंगाचे, पन्नाशीला टेकलेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"बसा ना," मी इंग्रजीत म्हटलं.

"मराठी हाय ना तुमी?" ते म्हणाले. "पाटी वाचली म्हनून विचारतो, बाई."

बाई! इतक्या वर्षांत कमावलेली दोक्तोरा एका शब्दात खाली आली. पण त्यांचा तसा काही बेत नव्हता. सातवीपर्यंत ते गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले होते. शिकवणारी स्त्री म्हणजे बाई, यापेक्षा मोठी पदवी त्यांच्या लेखी नव्हतीच.

ऑक्टोबरात मी त्यांच्या वर्गावर गेले. वर्कशॉपच्या आधी थिअरीचा तास असायचा. मी मागच्या दाराने आत गेले, मागच्या बाकाकडे निघाले, तोच परकारांचं लक्ष गेलं. ते फळ्यावर लेथचं चित्र काढत होते. बोलता बोलता थांबले, ताठ उभे राहिले, आणि सगळ्या वर्गाला हाताने उठायची खूण केली. पंचवीस बहारीनी पोरंपोरी गोंधळून उभी राहिली. परकार चालत माझ्यापर्यंत आले आणि दोन्ही हातांनी खडू पुढे केला.

गावच्या शाळेची रीत. बाई वर्गात आल्या की जो कोणी फळ्यापाशी असेल त्याने खडू त्यांच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

आता शहाणी मेंटर काय करेल? हसेल, खडू परत देईल, मागे जाऊन बसेल. मी काय केलं? मी खडू घेतला! आणि फळ्यापाशी गेले! लेथवर जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, किती वेगाने फिरवायचा याचं एक सूत्र असतं, त्यात पाय येतो, तो बावीस भागिले सातवाला. पाय दिसला की मला राहवत नाही. पन्नास मिनिटं मी पाय शिकवला, बेल झाली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. परकार कोपऱ्यात हात बांधून उभे होते आणि मन लावून ऐकत होते.

केबिनमध्ये येऊन मी फॉर्म भरला. तो फॉर्म मला आजही पाठ आहे, कारण पुढे तो मला बराच चावला. 'वर्गात बोलत नाहीत. आत्मविश्वास कमी. वर्गावर पकड नाही.' मी शिकवल्याचा उल्लेख कुठेच नाही. लपवला म्हणून नव्हे हो! सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. माझ्या मते मी मदत केली होती.

नोव्हेंबरात परत तेच. परत खडू, परत मी, परत टाळ्या. या वेळी पायावरून मी वर्तुळाच्या क्षेत्रफळात गेले आणि तिथून कुठे गेले ते मलाही आठवत नाही. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसे शिकवतात तुझे परकार?"

"कळतच नाही हो. तोंड उघडत नाहीत."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू वर्ग बघायला गेली होतीस की घ्यायला?"

मी पोळी जरा जोरात लाटली. या माणसाला शिक्षणशास्त्रातलं काय कळतं!

त्या दुसऱ्या भेटीनंतरचा चहा मात्र लक्षात राहिला. परकारांनी घरून थर्मास आणला होता. आलं घातलेला, खरा आपला चहा. म्हणाले, "झुबेदानं दिलाय. तीन महिने झाले ती आनि नीलोफर येऊन." मग हळूहळू कळलं. सलमाबादला चौदा वर्षं ते एका खोलीत सहा जणांबरोबर राहिले. फोरमनच्या नोकरीवर फॅमिली व्हिसा नव्हता. रजेवर गावी गेले की मुलगी आईच्या मागे लपायची, ओळख व्हायच्या आत रजा खलास. विद्यापीठाची नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदा बायकोमुलीचा व्हिसा मिळाला. ईसा टाउनला दोन खोल्या घेतल्या, नऊ वर्षांच्या नीलोफरला तिथल्या भारतीय शाळेत घातलं.

"आता सकाळी बसवर सोडायला मीच जातो," ते म्हणाले. "पयल्या आठवड्यात हात धरत नव्हती. आता धरते."

मी अगदी हेलावले. आणि हेलावून काय केलं? उपदेश! म्हटलं, "परकार, मग वर्गात बोला हो! मी तिथे असताना तुम्ही बोललात तरच मला लिहिता येईल ना!"

ते खाली बघून हसले. "तुमी असताना मी काय बोलनार, बाई?"

मी हे कौतुक समजले. खरंच समजले! फॉर्ममध्ये लिहिलं: 'सुधारणा नाही.'

तिसरी भेट जानेवारीत, एका शनिवारी, वर्कशॉपमध्ये होती. वर्कशॉप म्हणजे मोठी पत्र्याची शेड. आत ओळीने आठ लेथ, जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला. परकारांनी नुसता मान हलवून नमस्कार केला, कारण एका मशीनवर मरियम नावाची विद्यार्थिनी काम करत होती आणि त्यांचं लक्ष तिच्या हातांवर होतं. मरियमने अबायाच्या, त्या काळ्या झग्याच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडून पिना लावलेल्या, डोळ्यांवर चष्मा. स्टीलचा गोल तुकडा चकच्या जबड्यात घट्ट पकडलेला, भन्नाट वेगाने फिरत होता, आणि धारदार टूल त्याला लागलं की लोखंडाची निळसर कुरडई सुटून खाली पडत होती. काय देखणं दिसतं ते!

मला सूत्र आठवलं.

"हेच ते!" मी म्हटलं. "मुलांनो, हा जॉब मिनिटाला किती फेरे घेतोय सांगा बघू?" आणि बोट त्या फिरत्या तुकड्याकडे रोखून, पिवळा पट्टा ओलांडून, पदर मागे मोकळा सोडलेला, मी तरातरा मशीनकडे निघाले.

"बाई! पदर! मागं व्हा!"

असा आवाज मी त्या माणसाचा कधी ऐकला नव्हता. शेडचा पत्रा दणाणला. त्याच क्षणी त्यांनी झेप घेऊन लाल बटण दाबलं. चक गुरगुरत मंदावलं आणि थांबलं. मी खाली पाहिलं. वळताना पदर पुढे आला होता, आणि त्याचं टोक आणि ते चक यांच्यात फार तर वीतभर अंतर होतं.

मराठी कुणाला येत नव्हती, पण सगळी पोरं समजली. परकार माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे माफी मागतील. मागितली असती तर मी दिलीही असती, मोठ्या मनाने!

"इकडं या," ते म्हणाले.

मी गेले.

"पट्टा दिसला का, बाई?"

"दिसला."

"मंग ओलांडला का?"

मी माझ्या सँडल्सकडे बघितलं. बेचाळीसाव्या वर्षी, बाकावर उभं केलेल्या पोरीसारखं! ते वर्गाकडे वळले आणि त्यांच्या त्या इंग्रजी-अरबीच्या मिश्रणात म्हणाले, "शूफ, एव्हरीबडी. बघा. दोक्तोराच्या चुका किती? मोजा."

पोरांना काय, पर्वणीच! एक म्हणाला, साडी. एक म्हणाला, चष्मा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "शूज, उस्ताद!" माझ्या टाचांकडे पंचवीस जोड डोळे. मरियम म्हणाली, "बांगड्या." मीच चिडून म्हटलं, "आणि मशीन चालू असताना चालवणारीजवळ बडबडले." परकारांनी मान हलवली. "गुड. ही सगळ्यात मोठी."

मग माझी तयारी सुरू झाली. बांगड्या आणि घड्याळ टेबलावर. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. सँडल्स काढून दोन नंबर मोठे सेफ्टी शूज, चालले की माझ्याआधी ते पोचायचे. पदर कमरेला खोचला तरी सुटत होता, तेव्हा मरियमने स्वतःच्या हिजाबची एक पिन काढून मला लावली. वर निळा कोट, डोळ्यांवर चष्मा. आरशात बघितलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं.

"आता मशीन घ्या."

"मी?"

"शिकायला आलात ना?"

मी बघायला आले होते, पण ते बोलायची हिंमत झाली नाही. मशीन घेतलं. आणि मग, अहो, मग मी जे पाहिलं! परकार माझ्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. तसेच उभे राहिले, सबंध वेळ. मी चाक उलटं फिरवलं, त्यांचे हात मागेच. टूल जॉबला टेकायच्या ऐवजी हवेतच फिरलं, हात मागेच. फक्त बोलत होते, हळू, एकेक गोष्ट. "शवै शवै, बाई. घाई नको. आवाज ऐका. करकर करतंय ना? म्हंजे जास्त घेताय. जरा मागं. आता ऐका." करकर थांबली आणि मशीन गुणगुणायला लागलं, आणि माझ्या हाताखालून एक लांबलचक, निळी, अखंड कुरडई सुटली!

मी ओरडले हो! लहान पोरीसारखी ओरडले. वर्ग हसला, टाळ्या वाजल्या. इतक्या वर्षांत मला बऱ्याच टाळ्या मिळाल्या होत्या, पण काहीतरी शिकले म्हणून मिळालेल्या त्या पहिल्या.

मग त्यांनी आणखी पाच मुलांना मशीनवर घेतलं, आणि मी पट्ट्याच्या मागे उभी राहून पाहिलं. प्रत्येक वेळी हात पाठीमागे. तास संपल्यावर मी कारण विचारलं.

"आपला हात पुढं आला ना बाई, की शिकनाऱ्याचा मागं जातो," ते म्हणाले. "सलमाबादला मी लई पोरांची कामं स्वतः करून दिली सुरुवातीला. ती पोरं कधी शिकलीच नाय. मंग मी हात बांधायला लागलो."

माझ्या बत्तीस मुद्द्यांत हात बांधण्याचा मुद्दा नव्हता. आणि मला एकदम तो खडू आठवला. दोन्ही वेळचा.

त्याच दुपारी मी डॉ. जासिमांच्या ऑफिसात. तिसरा फॉर्म भरून, सगळीकडे उत्तम, उत्तम, उत्तम. त्यांनी तो वाचला आणि आधीचे दोन काढून शेजारी ठेवले.

"दोक्तोरा, समितीने तिसऱ्याची वाट न बघता तुमच्या या दोन फॉर्मवरून निर्णय घेतलाय. परकारांना मुदतवाढ नाही. पत्र टाइप झालंय. सहीला उद्या येईल."

करार गेला की विद्यापीठाचा व्हिसा गेला. परकार परत सलमाबादच्या खोलीत. झुबेदा आणि नीलोफर खेडला. सकाळच्या बसपर्यंत धरलेला हात सुटणार, तोही माझ्या अक्षरामुळे, आणि माझं अक्षर फार सुरेख होतं.

"ते पत्र थांबवा," मी म्हटलं.

"का? तुम्हीच लिहिलंय की हा माणूस वर्गात बोलत नाही."

आता काय सांगायचं? 'सुधारणा झाली' असं सांगून सुटता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण दोन महिन्यांत मुका माणूस वक्ता झाला यावर डॉ. जासिम विश्वास ठेवणार नव्हते, आणि ठेवला असता तर श्रेय मला मिळालं असतं. तेवढी लाज मला आली, हे माझ्या तरुणपणाच्या बाजूने नमूद करते. फार थोड्या गोष्टी आहेत त्या बाजूला.

"ते बोलत नव्हते, कारण मी बोलत होते," मी म्हटलं. "दोन्ही वेळा. त्यांनी मान म्हणून खडू दिला आणि मी तो घेतला. मी त्यांना शिकवताना पाहिलंच नाही. आज पाहिलं, कारण आज मी मशीनमध्ये पदर घालत होते आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं."

डॉ. जासिमांनी ते दोन फॉर्म पुन्हा उलटून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे दोन फॉर्म..."

"माझ्याबद्दल आहेत. नाव चुकलंय."

त्यांनी दोन्ही फॉर्म माझ्याकडे सरकवले. पेन दिलं. मी परकारांचं नाव खोडून माझं लिहिलं आणि खाली सही केली. 'वर्गात बोलत नाहीत' याच्या जागी काय लिहिलं ते सांगत नाही. जागा पुरली नाही एवढंच.

"पत्र मी थांबवतो," ते म्हणाले. "पण तीनपैकी दोन भेटी बाद झाल्या. सोमवारी मी स्वतः येतो वर्कशॉपला. तुम्हीही या." आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

घरी आले आणि एकदम लक्षात आलं. डॉ. जासिम रोज तोब घालायचे. पांढराशुभ्र, घोट्यापर्यंत घोळदार झगा, डोक्यावर पांढरा रुमाल, त्याची टोकं खांद्यावरून खाली. म्हणजे माझा पदर परवडला! आणि परकार? मला, एका साध्या बाईला, खडू देणारा माणूस डीनला अडवेल? करार ज्याच्या सहीवर आहे त्याला? नाही अडवलं तर वर्कशॉपचा नियम मोडला, आणि डॉ. जासिमांच्या लक्षात ते येणारच. परकारांना सावध करायला हवं. मी फोन उचलला, नंबर फिरवला.

"हॅलो?" झुबेदाचा आवाज.

आणि मला दिसलं की मी परत खडू घेतलाय. सोमवारी डीनसमोर परकार जे करतील ते माझं असेल, त्यांचं नाही. पण फोन तर केला होता! काहीतरी बोलायला हवं होतं.

"झुबेदाभाभी," मी म्हटलं, "तुम्ही सांदणं करता, त्यात रवा किती घेता?"

त्या बिचारीने वीस मिनिटं सांगितलं. हे शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुला इडली तरी येते का?"

सोमवार. मी शेडच्या भिंतीशी, पट्ट्याच्या चांगली मागे, पंजाबी ड्रेस, सपाट बूट, ओढणीची गाठ मारलेली. मरियमचं मशीन चालू. परकारांच्या हातात खडू. जमिनीवर टूलचा कोन काढून दाखवत होते. डॉ. जासिम आत आले. पांढरा तोब, रुमाल, काळी गोल दोरी, अत्तराचा वास. परकार वळले, आणि मी पाहिलं, त्यांचा खडूचा हात आपोआप पुढे आला. वीत, दोन वीत. गावची शाळा आत कुठेतरी उठून उभी राहिली होती. मी जीभ दातांखाली धरली. खरंच धरली, दुसऱ्या दिवशी जेवताना दुखत होती.

डॉ. जासिमांचा पाय पट्ट्यावर आला.

"स्टॉप!" परकारांचा हात पुढे होता तो तसाच, पण आता पंजा उघडा होता आणि खडू खाली पडून तुटला होता. "डॉक्टर, लौ समहत, प्लीज. यलो लाइन. मशीन चालू हाय."

मरियमने मान वर केली नाही. शाबास पोरी!

"मी डीन आहे," डॉ. जासिम म्हणाले. रागाने नव्हे, पण म्हणाले.

परकारांचा चेहरा पांढरा पडला होता. "माहीत हाय, सर. पण तोब मशीनपाशी मफी, नाय चालत. सगळ्यांना सेम." थांबले, आणि मग माझ्याकडे बोट केलं. "दोक्तोराला पन."

पंचवीस पोरं माझ्याकडे बघून खुदखुदली. डॉ. जासिमांनी खाली आपल्या तोबकडे पाहिलं, पाय मागे घेतला, आणि खुंटीवरचा निळा कोट मागून घेतला. तोब वर खोचला, रुमाल आणि दोरी काढली, आता ती ठेवायची कुठे म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या हातात दिली. म्हणजे पुढची पन्नास मिनिटं मी डीनचा रुमाल दोन्ही हातांवर नैवेद्याच्या ताटासारखा धरून उभी! बोलायची सोय नाही, बोट दाखवायची सोय नाही. आणि समोर परकार, दोन्ही हात पाठीमागे अडकवून, डीनला सांगत होते, "शवै शवै, सर. आवाज ऐका."

डीनची कुरडई माझ्यापेक्षा आखूड निघाली. हे मी तेव्हा बोलले नाही. आत्ता बोलते.

करार दोन वर्षांचा झाला. पुढे तो वाढतच गेला.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं ईसा टाउनला परकारांकडे जेवायला गेलो. झुबेदाने सांदणं केली होती. दारात नीलोफर उभी होती, दोन वेण्या, हातात गणिताची वही.

"आर यू द आंटी अब्बा शाउटेड ॲट?" तिने विचारलं.

परकार कानापर्यंत लाल झाले. उठले, आपली खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "बसा, बाई. पोरगी कायपन बोलते."

"खरं तेच बोलते," मी म्हटलं, आणि खुर्ची घेतली. तेवढा मान मी अजून सोडलेला नव्हता.

नीलोफर माझ्याशेजारी बसून गणित करायला लागली. वर्तुळाचा परीघ. पाय! आणि पोरीनं त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता. माझी बोटं शिवशिवायला लागली. ती रबर शोधत होती, पेन्सिल सैल झाली होती, मी हात पुढे केला, पेन्सिलीला टेकलासुद्धा.

"बाई," परकार स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. अगदी हळू. हातात सांदणांचं ताट होतं त्यांच्या. "पेन्सिल तिच्याकडं राहू दे."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि खुर्चीच्या पाठीमागे घट्ट अडकवले. नीलोफरने चूक शोधायला किती वेळ लावला म्हणून सांगू! सांदणं गार झाली. ह्यांची नारळाच्या दुधाची दुसरी वाटी झाली. ती पोरगी पेन्सिलीचं टोक चावत होती, वहीकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती, आणि मी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर माहीत असून बसून होते. मग ती एकदम ताठ झाली, खाडाखोड केली, आणि ओरडली. मी मशीनवर ओरडले होते ना, अगदी तशी.